निळ्या ठिपक्याचे रडणे : बालचित्रपुस्तकांतील अमूर्त रूपे आणि भावनाभिव्यक्ती

बालसाहित्याच्या मराठी विवेचनात चित्राला बहुधा दुय्यम स्थान मिळत आले आहे. कथा किंवा कविता हे साहित्य आणि चित्र ही त्याची सजावट, अशी एक विभागणी समीक्षकांनी मनोमन गृहीत धरलेली दिसते. पुस्तकाच्या परीक्षणात शेवटच्या परिच्छेदात 'चित्रे आकर्षक आहेत' एवढा उल्लेख झाला की चित्राचे देणे फिटते. ही विभागणी ज्या पुस्तकांपुढे अजिबात टिकत नाही अशा पुस्तकांचा एक लहानसा वर्ग आहे. या पुस्तकांत माणसे, प्राणी, झाडे यांची ओळखू येणारी चित्रे नसतात. ठिपके, चौकोन, फाडलेल्या कागदाचे तुकडे हीच त्यांतील पात्रे असतात. तरीही मूल ती वाचताना हसते, घाबरते, क्वचित डोळ्यांत पाणी आणते. कागदाच्या तुकड्याला दुःख कोठून येते, हा प्रश्न प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो चित्रकलेचा वाटला तरी साहित्यविचाराचाही प्रश्न कसा आहे, हे पुढील विवेचनात स्पष्ट व्हावे.

प्रथम संज्ञेविषयी थोडे. 'अमूर्त' हा शब्द मराठी कलाविचारात रुळला असला तरी तो सर्वस्वी समाधानकारक नाही. चित्रातील निळा ठिपका डोळ्यांना दिसतो, म्हणजे तो मूर्तच असतो. त्याच्यात नसते ते एखाद्या वस्तूचे प्रतिरूप. म्हणून 'अप्रतिरूप' ही दुसरी संज्ञा अधिक काटेकोर ठरते. वासुदेव गायतोंडे यांनीही आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणण्यापेक्षा वस्तुनिरपेक्ष म्हणणे पसंत केले होते. येथे रूढ शब्द म्हणून 'अमूर्त' हाच वापरला आहे. मात्र त्यातून अभिप्रेत आहे ते प्रतिरूपाचा अभाव, रूपाचा अभाव नव्हे.

या प्रकारच्या पुस्तकांचा आरंभबिंदू म्हणून एल लिसित्स्की याच्या 'दोन चौकोनांची गोष्ट' या रशियन पुस्तकाचा निर्देश करावा लागतो. १९२० साली वितेब्स्क येथे रचलेले हे पुस्तक १९२२ साली बर्लिनमध्ये प्रसिद्ध झाले. मालेविचच्या सुप्रमॅटिझम या चित्रसंप्रदायाच्या छायेत ते घडले आहे. एक काळा आणि एक लाल असे दोन चौकोन दुरून पृथ्वीकडे झेपावतात. तेथे त्यांना सगळे काळे आणि बेचैन करणारे दिसते. आघात होतो, सारे उधळले जाते आणि त्या काळ्यावर लाल रचना उभी राहते. गोष्ट एवढीच. आरंभी मुलांना सांगितले आहे की हे नुसते वाचू नका. कागद, काठ्या, ठोकळे घ्या आणि रचा. अक्षरांची मांडणीही तिरकी, चित्राच्या गतीत सामील होणारी आहे. मुद्रणकलेच्या इतिहासात या पुस्तकाचे स्थान मोठे आहे. भावनाभिव्यक्तीच्या दृष्टीने मात्र त्याची मर्यादा लवकर जाणवते. येथे आवेश आहे, गती आहे, उलथापालथ आहे. पण जिच्यावर हे सारे ओढवते अशी एकही व्यक्ती नाही. लाल चौकोनाला काही गमवावे लागत नाही. ज्याला गमावण्यासारखे काही नाही त्याच्याविषयी वाचकाला, मग तो चार वर्षांचा असो की चाळीस वर्षांचा, फारसे काही वाटत नाही.

चौकोनापासून 'कोणीतरी' होण्यापर्यंतचा हा प्रवास पूर्ण झाला तो लिओ लिओनी यांच्या 'लिटल ब्ल्यू अँड लिटल यलो' या पुस्तकात. ते १९५९ साली न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाले. १९१० साली हॉलंडमध्ये जन्मलेले लिओनी १९३९ साली इटली सोडून अमेरिकेत गेले आणि 'फॉर्च्यून' या नियतकालिकाचे कलासंचालक झाले. या पुस्तकाची जन्मकथा प्रसिद्धच आहे. आगगाडीच्या प्रवासात कंटाळलेल्या नातवंडांना गप्प बसवण्यासाठी त्यांनी 'लाइफ' मासिकाचे पान फाडले आणि त्या तुकड्यांची गोष्ट करून सांगितली. पुस्तकातील चित्रांतही फाडलेल्या कागदाची ती खडबडीत कड जपलेली आहे. कात्रीने कापलेल्या कडेला हाताचा स्पर्श राहत नाही, फाडलेल्या कडेला तो राहतो. लिसित्स्कीच्या पट्टीने आखलेल्या चौकोनाशेजारी लिओनींचा निळा तुकडा ठेवून पाहिला की हा फरक एका दृष्टिक्षेपात कळतो. एक रूप आराखड्यातले आहे, दुसरे देहाचे.

कथा अशी. छोट्या निळ्याला आईबाबा आहेत, मित्र आहेत. सर्वांत जिवलग मित्र म्हणजे समोर राहणारा छोटा पिवळा. आई बाजाराला जाताना निळ्याला घरीच थांबायला सांगते. तो मात्र पिवळ्याला शोधायला बाहेर पडतो. पिवळ्याचे घर रिकामे असते. शोधाशोध होते. एका वळणावर पिवळा भेटतो आणि दोघे एकमेकांना अशी मिठी मारतात की हिरवे होतात. हिरवेपणातच ते खेळतात, दमतात, घरी येतात. निळे आईबाप म्हणतात, हा आमचा नव्हे. पिवळे आईबापही तेच म्हणतात. दोघे रडतात, निळे आणि पिवळे अश्रू ढाळतात, रडता रडता सगळेच अश्रू होऊन जातात. त्या अश्रूंतून पुन्हा एक निळा आणि एक पिवळा उभे राहतात. आईबाप निळ्याला जवळ घेतात, पिवळ्यालाही घेतात आणि तेही हिरवे होतात. मग त्यांना काय घडले ते कळते.

या कथेत नाक, डोळे, तोंड कोठेही नाहीत. भावना दाखवण्याची जी साधने बालचित्रकार सहज हाताशी घेतो, म्हणजे वर वळलेले ओठ, गालावरून ओघळणारा थेंब, वाकलेली भुवई, त्यांपैकी एकही नाही. मग भावना कोठे आहे? पहिले उत्तर स्थानाचे आहे. शाळेत ठिपके सरळ ओळींत बसलेले असतात, शाळा सुटल्यावर ते पानभर उधळतात. शिस्त आणि मोकळीक यांच्यातील फरक केवळ अंतरांच्या नियमिततेतून आणि अनियमिततेतून उमटतो. शोधाच्या पानांवर पांढरी पार्श्वभूमी सुटते, गडद रंग पान व्यापतो आणि त्यात तोच निळा तुकडा अचानक लहान व एकटा वाटू लागतो. प्रत्यक्षात तो आक्रसलेला नसतो; त्याच्या भोवतीचे जग बदललेले असते. एकटेपणाची याहून अचूक व्याख्या शब्दांत करणे सोपे नाही.

रुडॉल्फ आर्नहाइम यांनी १९५४ सालच्या आपल्या ग्रंथात जी भूमिका मांडली ती येथे उपयोगी पडते. त्यांच्या मते झुकलेल्या फांद्यांचा विलो वृक्ष दुःखी दिसतो तो दुःखी माणसासारखा दिसतो म्हणून नव्हे. खाली लोंबण्याच्या, प्रतिकार सोडून देण्याच्या त्या आकारातच ती अभिव्यक्ती असते. मॉली बँग या अमेरिकन चित्रकर्तीने १९९१ साली 'पिक्चर धिस' या पुस्तकात हाच विचार शिक्षकाच्या भाषेत आणला. तांबड्या टोपीवालीची गोष्ट त्यांनी एका लाल त्रिकोणापासून रचत नेली. आडव्या रेषा स्थैर्य देतात, तिरक्या रेषा ताण निर्माण करतात, गोलाईत आश्वासन असते, टोकदार आकार धास्ती घालतात, असे काही ठोकताळे त्या ओघात हाती लागतात. वर्गात हा प्रयोग करून पाहण्याजोगा आहे. मात्र ठोकताळे हे ठोकताळेच आहेत. त्रिकोण लाल असतो तोवर तो मुलगी आहे की धोका आहे, हे त्रिकोण स्वतः सांगू शकत नाही.

नेमका येथेच साहित्याचा प्रवेश होतो. लिओनींच्या पुस्तकातील शब्द झाकून पाने उलटली तर काय उरते? रंगाच्या तुकड्यांची एक सुंदर मालिका उरते, जवळ येण्यादूर जाण्याची जाणीवही उरते; पण घरी परतलेले मूल आईबापांनी नाकारले, हे उरत नाही. आकारांना हेतू बहाल करण्याची प्रवृत्ती माणसात प्रबळ आहे यात शंका नाही. हायडर आणि झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ यांचा हालता चित्रपट दाखवला होता. पाहणाऱ्या पहिल्या गटातील ३४ जणांपैकी केवळ एकानेच त्याचे निव्वळ भूमितीच्या भाषेत वर्णन केले. इतरांनी पाठलाग, भांडण, सुटका असे काहीबाही पाहिले. पण पाठलाग दिसणे वेगळे आणि पाठलाग करणारा कोण, पळणाऱ्याचे काय पणाला लागले आहे, हे कळणे वेगळे. पहिल्या पानावर 'हा छोटा निळा' एवढे म्हटल्याबरोबर तुकड्याला नाव मिळते, आणि नाव मिळाले की त्याला घर, आई आणि भीती मिळते. लहान मूल ठोकळ्याला 'ही माझी गाडी' म्हणते, सागरगोट्यांत आई, बाबा, बाळ निवडते, तेव्हा तेही हेच करत असते. अमूर्ताशी त्याची ओळख करून द्यावी लागते, ही समजूत प्रौढांची आहे.

स्वित्झर्लंडच्या वार्या लावातेर यांचे उदाहरण वरवर याच्या उलट वाटते. १९६५ साली पॅरिस येथे प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'तांबडी टोपीवाली'त गोष्टीचा एकही शब्द नाही. घड्या उलगडत जाणाऱ्या लांब पट्टीवर लाल ठिपका म्हणजे मुलगी, काळा ठिपका म्हणजे लांडगा, हिरवे ठिपके म्हणजे अरण्य. हिरव्या गर्दीत शिरलेला लाल ठिपका आणि त्याच्याशी कमीजास्त होत जाणारे काळ्याचे अंतर एवढ्यावर भयाची सारी चढण उभी आहे. पण नकाशाला असते तशी चिन्हांची सूची आरंभी दिलेलीच आहे, आणि गोष्ट तर वाचकाला आधीपासून पाठ आहे. शब्द पुस्तकातून काढले तरी ते वाचकाच्या स्मरणात शिल्लक आहेत. म्हणजे नामकरण येथेही झालेले आहे, फक्त ते दाराबाहेर उरकून घेतलेले आहे.

मराठी समीक्षेला या प्रश्नाचा विचार करण्यासाठी परकीय परिभाषेवर विसंबण्याचे कारण नाही. बा. सी. मर्ढेकर यांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथातील लेखांतून लयतत्त्वाची जी मांडणी केली, तिची कसोटी पाहण्यासाठी ही पुस्तके फार चांगली आहेत. संवाद, विरोध आणि समतोल या तीन प्रकारच्या संबंधांनी संवेदनांची रचना सिद्ध होते, चित्रातील विषयाला सौंदर्याच्या दृष्टीने स्थान नाही, आणि साहित्याचे द्रव्य मात्र संवेदना नसून भावनात्मक अर्थ आहेत, अशी त्यांची स्थूल भूमिका. लिओनींच्या पानांवर ही तिन्ही नाती दाखवता येतात. निळे कुटुंब म्हणजे एकाच रंगाच्या लहानमोठ्या आकारांचा संवाद. निळा आणि पिवळा यांत विरोध. समोरासमोरच्या दोन घरांत समतोल. येथवर मर्ढेकरांची परिभाषा चपखल बसते.

पण मिठीच्या पानावर ती अडखळते. लयीच्या कल्पनेत संवेदना एकमेकींशी नाते जोडतात तेव्हा त्या स्वतः शाबूत राहतात. निळ्याशेजारी पिवळा आला की निळा अधिक खुलतो, पण निळाच राहतो. लिओनींच्या कथेत नात्यामुळे वस्तूच बदलते. हिरवा हा निळा आणि पिवळा यांच्यातील संबंध नव्हे, ती तिसरीच गोष्ट आहे, आणि तिच्यात आधीची दोन्ही हरवली आहेत. हा बदल एका चित्रात दाखवता येत नाही. त्यासाठी पान उलटावे लागते. आधी आणि नंतर लागते, म्हणजे कथा लागते. शिवाय आईबापांना हिरवा दिसतो आणि वाचकाला मात्र त्याच हिरव्यात निळा दिसतो, कारण काय घडले ते त्याने पाहिले आहे. एकाच रंगसंवेदनेचे दोन अर्थ होतात. मर्ढेकरांनी चित्र आणि साहित्य यांच्यामध्ये जी भिंत घातली तिच्या दोन्ही बाजूंना हे पान एकाच वेळी उभे आहे. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा'त (१९७४) कलाव्यवहाराच्या द्विध्रुवात्मकतेचा जो विचार केला आहे, तो अशा मिश्र रूपांना अधिक जवळचा वाटतो.

नाकारले जाण्याचा प्रसंग अमूर्त रूपांखेरीज साधलाच नसता, हेही लक्षात घ्यावयास हवे. चेहरा असलेल्या मुलाला त्याचे आईबाप ओळखत नाहीत हे हास्यास्पद तरी वाटेल किंवा क्रूर तरी. तुकड्याची सारी ओळख रंगात असल्यामुळे त्यांची चूक समजण्याजोगी ठरते, आणि म्हणूनच ती अधिक बोचते. प्रेमामुळे मूल बदलले आणि बदललेले मूल घराला परके झाले, ही भीती पाच वर्षांच्या मुलाचीही असते आणि पंचविशीतल्या तरुणाचीही. या कथेचे वंशभेदाच्या संदर्भात वाचन झाले आहे. तेही अप्रस्तुत नाही. गार्थ विल्यम्स यांच्या १९५८ सालच्या चित्रपुस्तकात पांढऱ्या आणि काळ्या सशाचे लग्न लागते, एवढ्यावरून १९५९ साली अलाबामा राज्यात मोठा गदारोळ उठला होता. कोणत्याही मानवसमूहाचे नसलेले दोन रंग निवडून लिओनींनी तोच प्रश्न सशांच्याही पलीकडे नेला. मात्र तेवढ्यापुरतेच हे पुस्तक वाचणे म्हणजे मुलाचे रडणे बाजूला सारून त्याचे तात्पर्य उचलणे होय.

रंग आणि भावना यांच्या नात्याचा दुसरा एक मार्ग अलीकडच्या पुस्तकांत लोकप्रिय झाला आहे. अ‍ॅना येनास यांच्या २०१२ सालच्या स्पॅनिश पुस्तकातील रंगीबेरंगी राक्षसाच्या भावनांचा गुंता झालेला असतो. एक मुलगी त्याला त्या वेगळ्या करून देते: आनंद पिवळा, दुःख निळे, राग लाल, भीती काळी, शांतता हिरवी. शिक्षकांना हे पुस्तक सोयीचे वाटते यात नवल नाही. परंतु येथे रंग भावना व्यक्त करत नाही, तो भावनेची चिठ्ठी होतो. अशा जोड्या आपल्या परंपरेलाही अपरिचित नाहीत. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात प्रत्येक रसाचा वर्ण सांगितला आहे. रौद्र रक्तवर्ण आणि भयानक कृष्णवर्ण, येथे भरतमुनी आणि येनास यांचे जुळते. पण भरताचा करुण कपोतवर्ण, म्हणजे पारव्याच्या करड्या रंगाचा आहे. निळा बीभत्साचा, पिवळा अद्भुताचा, हास्य पांढरे आणि शृंगार श्याम. राग आणि भय यांपलीकडे गेले की एकमत संपते.

मराठी भाषेची साक्ष काढली तर चित्र आणखी निराळे दिसते. रागाने माणूस लालबुंद होतो खरा, पण भीतीने तो काळा न पडता पांढराफटक पडतो. दुःखाने चेहरा काळवंडतो. निळ्याला मराठीत खिन्नतेची छटा नाही. इंग्रजीत ती आहे. सावळ्या विठ्ठलाच्या आणि घननीळाच्या भाषेत वाढलेल्या मुलाला 'निळे म्हणजे दुःख' हे शिकवावे लागेल, आणि शिकवून आलेले ते जाणवून आलेले नसेल. लिओनींचा निळा या अडचणीतून सुटतो, कारण तो कोणत्याच भावनेचे चिन्ह नाही. तो आनंदातही निळा असतो आणि दुःखातही. मॉली बँग यांच्या १९९९ सालच्या सोफीच्या पुस्तकात मधला मार्ग दिसतो. रागावलेल्या मुलीच्या आकृतीभोवतीची कड लालभडक असते आणि राग निवळत जातो तसतशी ती बदलत जाते. तेथे भावना एकेका रंगापेक्षा रंगाच्या ओसरण्यात आहे.

असे पुस्तक मराठीत आणावयाचे झाले तर कस लागतो तो थोडक्याच वाक्यांत. रडून रडून अश्रू झालेले दोघे पुन्हा उभे राहतात तेथे मूळ इंग्रजीतील वाक्प्रचार दुहेरी आहे: मनाला आवरणे आणि विखुरलेले तुकडे एकत्र करणे हे दोन्ही अर्थ त्यात एकदम लागतात. चित्रात तुकडे प्रत्यक्षच गोळा होत असल्यामुळे शब्द आणि रूप तेथे एकजीव होतात. मराठीत 'त्यांनी स्वतःला सावरले' म्हटले तर मन येते, तुकडे येत नाहीत. 'गोळा केले' म्हटले तर तुकडे येतात आणि मन निसटते. उलट त्याआधीच्या वाक्याला 'रडून रडून त्यांचे पाणी पाणी झाले' अशी जोड मराठी सहज देऊ शकते. ती चित्राला अंगावर घेणारी आहे, आणि पुढच्या वाक्यातील तूट काही अंशी येथे भरून निघते.

याहून अवघड प्रश्न लिंगाचा. इंग्रजी विशेषणाला लिंग नसते. मराठीत निळा, निळी की निळे हे पहिल्याच पानावर ठरवावे लागते. या लेखात आतापर्यंत सोयीसाठी पुल्लिंग वापरले, कारण तुकडा आणि ठिपका दोन्ही पुल्लिंगी. 'छोटा निळा' आणि 'छोटी पिवळी' असे करण्याचा मोह अनुवादकाला होण्याजोगा आहे. पण मग ती मिठी निराळीच होते आणि आईबापांचे न ओळखणे एका ठरावीक सामाजिक कथेत जाऊन बसते. मराठीजवळ तिसरा पर्याय आहे. मूल, लेकरू, बाळ, पिल्लू ही सारी नपुंसकलिंगी आहेत, आणि रूप हा शब्दही तसाच. 'हे छोटे निळे. ते घरी आहे.' असे म्हटले की वाक्य एकाच वेळी कागदाच्या एका रूपाविषयी आणि कोणाच्या तरी लेकराविषयी बोलू लागते. वस्तू आणि बालक यांना एकाच सर्वनामात सामावून घेण्याची ही सोय मूळ भाषेला नाही. आणि आई दारातून 'हे आमचे नव्हे' असे म्हणते तेव्हा त्या 'हे'मध्ये काय काय नाकारले गेले, ते मराठी मुलाला वेगळे सांगावे लागणार नाही.